टोपली आणि उधारीची वही



बाबांच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक यादी सांगायचं, बाबा वजन करून पुडे बांधायचे. पूर्वी अमेरिकेतही अशीच रीत होती. ६ सप्टेंबर १९१६ रोजी मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ उघडलं. टोपली घ्या, किंमत लावलेला माल स्वतः उचला, जाताना पैसे द्या. नोकर कमी, म्हणून भाव कमी. माल डोळ्यांसमोर, म्हणून खरेदी जास्त.

आमच्या गावात सुपरमार्केट आलं, तेव्हा बाबा भावात हरले. पण चातुर्मासात कोणाकडे काय चालत नाही हे त्यांना पाठ होतं, अडीअडचणीला उधारीही मिळे. त्यावरच दुकान तगलं.

खरं सांगू? साखर मीही सुपरमार्केटमधूनच आणते. पर्युषणाचं सामान मात्र बाबांकडूनच.