मेथीदाणे खा, पण गोळी सोडू नका. पेरणीचे दाणे तर तोंडातही घालू नका

थंडी सुरू झाली की आठवडी बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात. घराघरांत मेथीच्या लाडवांची तयारी सुरू होते. याच दिवसांत मोबाईलवरही मेथी फिरायला लागते. ‘रोज सकाळी भिजवलेली मेथी खा, महिन्यात शुगर गायब, गोळ्या बंद’ असे मेसेज एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातात. मेथीदाण्याचे गुण खरे आहेत, त्यावर आपल्या देशात अभ्यासही झालेला आहे. मात्र ‘गोळ्या बंद’ हा त्या मेसेजमधला भाग धोक्याचा आहे. मेथीदाण्यात काय असतं, तो किती आणि कसा खावा, कोणी टाळावा, याची ही माहिती.

मेथी म्हणजे नेमकं काय?

मेथीची आपण भाजी करतो, पण हे पीक हरभरा, तूर, मुगाच्या कुळातलं, म्हणजे शेंगवर्गीय आहे. मेथीचं रोप उपटलं तर मुळांवर गाठी दिसतात, त्या हवेतला नत्र जमिनीत साठवतात. भाजीसाठी पेरलेली मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीला येते. तीच शेतात ठेवली तर फुलं येतात, मग लांब, बारीक, टोकदार शेंगा धरतात. एका शेंगेत साधारण दहा ते वीस दाणे निघतात. दाण्यासाठी घेतलेलं पीक चार-पाच महिने चालतं. देशात दाण्याच्या मेथीचं मोठं क्षेत्र राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये आहे. हॉटेलच्या भाजीत वरून चुरून टाकतात ती कसुरी मेथी याच घराण्यातली, पण वेगळ्या जातीची.

शास्त्रीय भाषेत मेथीला ‘ट्रायगोनेला फीनम-ग्रेकम’ म्हणतात. त्यातल्या ‘फीनम-ग्रेकम’चा अर्थ ‘ग्रीक लोकांचा वाळला चारा’. म्हणजे माणसाच्या ताटाबरोबर जनावरांच्या दावणीतही मेथी फार पूर्वीपासून आहे. आपल्याकडेही दुभत्या म्हशीला मेथी शिजवून घालणारे शेतकरी आहेत.

दाण्यात काय असतं?

शंभर ग्रॅम मेथीदाण्यात साधारण पाव भाग प्रथिनं असतात. पाव भाग किंवा त्याहूनही जास्त तंतू, म्हणजे फायबर असतं. शिवाय लोह, मॅग्नेशियम अशी खनिजंही आहेत.

पण शंभर ग्रॅम मेथी कोणी एका वेळी खात नाही. चहाचा एक चमचा म्हणजे चार ते पाच ग्रॅम. एवढ्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास मिळतात. म्हणून ‘मेथी खाल्ली की ताकद येते’ असं समजून डाळ, उसळ, अंडी, दूध कमी करू नये. मेथीची खरी किंमत तिच्या तंतूत आहे.

रात्री भिजवलेले दाणे सकाळी फुगून बुळबुळीत होतात. ही बुळबुळ म्हणजे पाण्यात विरघळणारा डिंकासारखा तंतू. तो पोटात गेल्यावर अन्न घट्टसर होतं, आतड्यात पुढे हळूहळू सरकतं आणि भाकरी-भातातली साखर रक्तात एकदम न चढता सावकाश उतरते. दाण्यात एक खास अमिनो आम्लही आहे, ते इन्सुलिन सुटायला मदत करतं असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलं आहे.

शुगरवर अभ्यास काय सांगतो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मेथीवर बरंच काम केलं आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांना दहा दिवस तेल काढलेली मेथीपूड दोन जेवणांत विभागून दिली. त्यांची उपाशीपोटीची साखर कमी झाली, कोलेस्टेरॉलही उतरलं. पण मेथीचं प्रमाण बघा: दिवसाला शंभर ग्रॅम, म्हणजे वीस-पंचवीस चमचे. मेसेजमध्ये हे लिहिलेलं नसतं. एक चमचा मेथीने तेवढाच फरक पडेल अशी अपेक्षा धरणं चुकीचं आहे.

दुसरा अभ्यास गावातल्या अनेकांच्या कामाचा आहे. ज्यांची साखर वाढायला लागली आहे, पण अजून मधुमेह झालेला नाही, अशा १४० जणांवर भारतातच तीन वर्षं अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला रोज दहा ग्रॅम मेथी जेवणाआधी दोन वेळा विभागून दिली. मेथी घेणाऱ्या गटात पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी राहिलं. दहा ग्रॅम म्हणजे दोन-अडीच चमचे, घरात रोज खाता येईल एवढी मेथी.

या दोन्ही अभ्यासांत थोडीच माणसं होती. त्यामुळे मेथी साखर आटोक्यात ठेवायला मदत करते एवढं म्हणता येतं. मेथीने मधुमेह बरा होतो, असं मात्र म्हणता येत नाही.

गोळी का सोडायची नाही?

मधुमेहात साखर वाढली तरी सुरुवातीला दुखत-खुपत काही नाही. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस माणसाला बरंच वाटतं, म्हणून मेथी लागू पडली असं वाटतं. आत मात्र साखर वाढलेली राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा यांचं नुकसान होत राहतं. शेतकऱ्याच्या बाबतीत पायाचा धोका मोठा. पायाची जाणीव कमी झाली की रानात काटा मोडलेला, दगड लागलेला कळत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाय काढायची वेळ येते.

म्हणून मेथी सुरू करायची असेल तर गोळी-इन्सुलिन चालू ठेवूनच करावी आणि डॉक्टरांना तसं सांगावं. मेथीमुळे साखर उतरायला लागली तर डोस कमी करायचा की नाही, हे तपासणी बघून डॉक्टर ठरवतील.

उलटाही धोका आहे. गोळी आणि जास्त मेथी दोन्ही घेतली आणि जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. एकादशी-चतुर्थीचा उपवास असेल किंवा रानात काम करताना जेवणाची वेळ टळली तर हे घडतं. घाम सुटणं, हात थरथरणं, धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, नंतर काहीतरी खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

पोट, कोलेस्टेरॉल आणि बाळंतीण

बद्धकोष्ठ असणाऱ्यांना भिजवलेल्या मेथीचा उपयोग होतो. मात्र सोबत पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर पोट आणखी जड होतं. कोलेस्टेरॉल थोडं कमी होत असल्याचंही काही अभ्यासांत आढळलं आहे.

बाळंतिणीला मेथीचे लाडू देण्याची रीत जुनी आहे. मेथीने दूध वाढतं का, यावरचे अभ्यास एकमताचे नाहीत. काहींत फरक दिसला, काहींत नाही. बाळाला वरचेवर छातीशी घेणं हाच दूध वाढवण्याचा खात्रीचा उपाय. लाडवातलं तूप, गूळ, कणीक, सुकं खोबरं यातून बाळंतिणीला ताकद मिळते, त्यामुळे लाडू द्यायला हरकत नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी मात्र लाडवातला गूळही मोजावा.

मेथीत लोह असलं तरी झाडपाल्यातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू पिळलं तर थोडं जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. त्यामुळे आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मेथीच्या भरवशावर डब्यात पडू देऊ नयेत.

कशी आणि किती खायची?

* सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. आठवडाभर पोट ठीक राहिलं तर एक चमचा, पुढे सोसेल तशी दोन चमच्यांपर्यंत.
* दाणे धुऊन रात्री अर्धा पेला पाण्यात भिजत घालावेत. सकाळी पाणी प्यावं आणि दाणेही चावून खावेत. अनेक जण पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. बहुतेक तंतू दाण्यातच राहतो, मग फायदा कसा होणार?
* कडू सोसत नसेल तर दळणात घालावी. एक किलो गव्हाला किंवा ज्वारीला पन्नास ग्रॅम मेथी पुरे. दिवसभरात चार चपात्या खाल्ल्या तर पाच-सहा ग्रॅम मेथी सहज पोटात जाते.
* भिजवलेल्या मेथ्यांची उसळ, कैरीच्या दिवसांत मेथांबा, भातावर मेतकूट हे आपले जुनेच प्रकार आहेत. मेथांब्यात गूळ आणि मेतकुटात मेथी थोडी, हे मात्र लक्षात ठेवावं.
* मोड आणले की कडूपणा कमी होतो, पण मोड आलेली मेथी शिजवूनच खावी. २०११ मध्ये जर्मनीत कच्चे मोड खाल्ल्याने मोठी साथ आली होती आणि पन्नासच्या आसपास लोक दगावले. तपासात संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यावर गेला. ओलावा आणि ऊब मिळाली की दाण्याबरोबर जंतूही वाढतात.
* इतर गोळ्या आणि मेथी यात एक-दोन तासांचं अंतर ठेवावं. बुळबुळीत तंतूमुळे औषध अंगात जायला उशीर होऊ शकतो.

रोज मेथी खाल्ली की घामाला, लघवीला मेथीचा वास येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोणी टाळावी?

गरोदर बाईने भाजी आणि फोडणीतली मेथी खायला हरकत नाही, पण चमच्या-चमच्याने दाणे किंवा पूड खाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजची मेथी सुरू करू नये. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीही त्रास देऊ शकते, कारण कूळ एकच. जुलाब, गॅस, पोटात कळा सुरू झाल्या तर प्रमाण कमी करावं किंवा थांबावं. लहान मुलांना औषध म्हणून मेथी देऊ नये.

पेरणीचं पाकीट आणि किराण्याची पुडी

शेतकऱ्याच्या घरात मेथी दोन ठिकाणी असते, फडताळातल्या डब्यात आणि बियाण्याच्या पाकिटात. गोंधळ इथेच होतो. पेरणी झाली, पाकिटात अर्धा किलो उरलं, ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते स्वयंपाकघरात येतं.

बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून थायरम, कॅप्टान, कार्बेन्डाझिम यांसारखी औषधं चोळलेली असतात. ओळख पटावी म्हणून बऱ्याचदा लाल, गुलाबी, हिरवा रंगही दिलेला असतो. ते बी धुतलं, उन्हात वाळवलं, भाजलं तरी खाण्याजोगं होत नाही. १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे औषध लावलेल्या बियाण्याच्या लेबलवर तशी सूचना असावी लागते आणि ते खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये असं लिहावं लागतं. रंग दिसत नाही म्हणून औषध नाही, असंही समजू नये. घरी बीजप्रक्रिया केलेलं बी तर बिनलेबलाचंच असतं.

उरलेलं बियाणं मूळ पाकिटातच, स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावं. म्हशीला, कोंबड्यांनाही ते घालू नये. चुकून कोणी खाल्लंच तर घरगुती उपाय न करता, उलटी करवायच्या भानगडीत न पडता पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा. पाकिटावरच्या औषधाच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.

खायची मेथी किराणा दुकानातूनच घ्यावी. चांगला दाणा पिवळसर तपकिरी, टणक, चौकोनी आणि एका बाजूला खाच असलेला असतो. भोकं पडलेला, कुबट वासाचा माल घेऊ नये. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दाणे वर्षभर टिकतात. दळून ठेवलेल्या पुडीचा वास लवकर उडतो, म्हणून पूड लागेल तेवढीच करावी.

आधी तपासणी

तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून घ्यावी. दुसऱ्यांदाही तेवढीच आली तर मधुमेह समजतात. शंभर ते १२५ च्या दरम्यान असेल तर हीच वेळ सावध व्हायची: चालणं, गोड कमी, ताटात भात थोडा आणि भाजी-उसळ जास्त, आणि जोडीला मेथी.

आपली साखर किती आहे हे माहीत नसताना मोबाईलवरचा मेसेज वाचून मेथी सुरू करणं म्हणजे माती परीक्षण न करता खताच्या गोण्या ओतण्यासारखं आहे. आधी उपकेंद्रात जाऊन बोट टोचून घ्या, मग फडताळातला मेथीचा डबा उघडा.