तरफदार आणि त्याचे किल्ले

सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्यांत ‘बामणोली तर्फ कुडाळ’ या नांवाचें एक गांव आहे. एका नांवाचीं दोन गांवें निराळीं ओळखूं यावींत, एवढेंच काम आज त्या ‘तर्फ’ शब्दाकडे उरलें आहे. परंतु चौदाव्या शतकांत अशा चार तरफा मिळून सबंध बहामनी राज्य होत असे, हें ऐकून वाचकांस कदाचित् नवल वाटेल. गुलबर्गा, दौलताबाद, बेदर व वऱ्हाड या त्या तरफा. तरफदाराच्या हातीं फौज, वसूल आणि किल्ले हीं तिन्ही असत.

हा धोका कांहीं दक्षिणेंतच प्रथम उद्भवला असें नाहीं. सातव्या शतकांत अरबांनीं शाम देश जिंकल्यावर त्याचे दिमिष्क, हिम्स, उर्दुन्न, फिलस्तीन असे ‘जुंद’ पाडले. जुंद म्हणजे मुळांत फौज. प्रांताचा वसूल तेथील शिपायांच्या वेतनास लागे. पुढें खलीफा उस्मान यानें मिसर देशांत सेना अम्राकडे व वसूल दुसऱ्याकडे अशी वांटणी करूं पाहिली. तेव्हां गाईचीं शिंगें आपण धरावीं आणि धार दुसऱ्यानें काढावी हें आपणांस मान्य नाहीं, अशा आशयाचें उत्तर अम्रानें दिल्याचें अरब इतिहासकार सांगतात. उत्तर उद्धट खरें, पण सर्व सुभेदारांच्या मनांतलें! शामच्या मुआवियानें तर सुमारें वीस वर्षें त्या प्रांतांत मूळ धरून ६६१ सालीं खिलाफतच हस्तगत केली.

बहामनी वजीर महमूद गावान यानें हेंच दुखणें ओळखलें. त्यानें चारांच्या आठ तरफा केल्या. वाई व माणदेश जुन्नरच्या तरफेंत गेले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले आणि प्रत्येक तरफेंतील कांहीं परगणे खालसा केले. ठरल्याहून कमी शिपाई बाळगल्यास तेवढें वेतन परत घेण्याचा नियमही झाला. दुखावलेल्या सरदारांनीं बनावट पत्र पुढें केलें आणि १४८१ त सुलतानानें वजिराचा शिरच्छेद करविला. दहा वर्षांच्या आंत विजापूर व जुन्नर स्वतंत्र झालीं. सुधारणा चुकीची नव्हती. तिच्या पाठीशीं उभा राहील असा सुलतान मात्र नव्हता.

शिवाजी महाराजांनीं गडावर हवालदार, सरनौबत व सबनीस असे बरोबरीचे अधिकारी ठेवले. किल्ल्या एकाकडे, तर हिशेब दुसऱ्याकडे. लष्करास मुलूख न देतां रोख वेतन देण्यावर त्यांचा भर होता. राजाराम महाराजांच्या बिकट काळांत हा निर्बंध सुटला आणि सरंजाम वाढले. पेशवाईंत मिरज पटवर्धनांकडे आली ती फौजेच्या खर्चासाठींच. १८०१ सालीं चिंतामणराव सांगलीस निराळे झाले, तेव्हां सरकारी फौजेची ही नेमणूक घरच्या वतनाप्रमाणें भाऊबंदांत वांटली गेली.