वक्रांवरील विलक्षण समाकल व महत्तम कारक

वक्रांवरील विलक्षण समाकल व महत्तम कारक यांची परिबद्धता हा प्रसंवादी विश्लेषणातील अभ्यासविषय आहे. येथे फलनाच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी चकतीवर न घेता, प्रत्येक बिंदूपाशी सरकवलेल्या वक्राच्या तुकड्यावर घेतात. सर्व लांबींच्या तुकड्यांवरील अशा सरासरींची लघुतम वरची सीमा म्हणजे महत्तम कारकाचे मूल्य होय. विलक्षण समाकलात प्राचलाच्या व्यस्ताचा भार असतो. तो शून्यापाशी अनंत होतो, मात्र दोन्ही बाजूंची विरुद्ध चिन्हे परस्परांना छेदतात.

वक्राचे क्षेत्रफळ शून्य असल्याने काल्देरोन व झिगमुंड यांची १९५२ मधील पद्धत येथे थेट लागू पडत नाही. ही उणीव वक्रता भरून काढते: वाकलेल्या वक्रावर फूरिये रूपांतराचा ऱ्हास होतो. य = क्ष² या अन्वस्तासाठी १९७० च्या दशकात नागेल, रिव्हिएर, वेंगर व स्टाइन यांनी १ पेक्षा मोठ्या प्रत्येक सांत घातांकाला दोन्ही कारकांची परिबद्धता सिद्ध केली.

वक्रतेचे महत्त्व एका सोप्या तुलनेतून दिसते. प्रतलात प्रत्येक बिंदूभोवती सर्व आकारांच्या चौरसांच्या परिमितीवर सरासरी घेतल्यास महत्तम कारक कोणत्याही सांत घातांकाला परिबद्ध राहत नाही. एका रेषाखंडालगतच्या अतिशय अरुंद पट्टीवर १ व अन्यत्र ० असे फलन घ्यावे. जवळच्या कित्येक बिंदूंभोवतीच्या एखाद्या चौरसाची बाजू त्या पट्टीत येते. वर्तुळाबाबत असे होत नाही. २ पेक्षा मोठ्या घातांकांसाठी बूर्गँ यांनी १९८६ मध्ये परिबद्धता दाखवली. घातांक २ ला ती खरी नाही.

अन्वस्तावरील कारकांचे घातांक १ साठीचे दुर्बल अनुमान अद्याप अनिर्णित आहे.