टर्बोचा काटा काय सांगतो?

टर्बोचार्जर असलेल्या काही मोटारींच्या डॅशबोर्डवर वेग आणि इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या तबकड्यांच्या जोडीला आणखी एक लहानशी तबकडी असते. तिला बूस्ट गेज म्हणतात. अनेक हौशी चालक ती बाजारातून आणून बसवूनही घेतात. काटा जितका उजवीकडे, तितकी गाडी जोमदार, असा तिचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. तो अपुरा आहे आणि प्रसंगी खिशाला जड जाणारा आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनात शिरू पाहणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती अधिक दाबाखाली आहे, एवढेच बूस्ट गेज मोजते. काटा शून्यावर असणे म्हणजे आतला व बाहेरचा दाब सारखा असणे. आकडे बार किंवा पीएसआयमध्ये असतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो. त्यामुळे मुंबईत काटा ०.८ वर गेला, तर आतील एकूण दाब १.८ बार होतो. लेहमध्ये, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, बाहेरचाच दाब ०.६५ बारच्या आसपास असतो. तेथे ०.८ चा अर्थ जेमतेम १.४५ बार. काटा तोच, पण इंजिनाला मिळणारी हवा बरीच कमी.

पेट्रोल गाडी उभ्या जागी चालू असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो. हवा ओढणाऱ्या इंजिनामुळे आत दाब घटतो आणि काटा शून्याच्या डावीकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत व्हॅक्यूममध्ये जातो. तसे होणे हेच निरोगीपणाचे लक्षण. डिझेल इंजिनात हवा अशी अडवून धरली जात नसल्याने काटा शून्याजवळच राहतो. त्यात बिघाड शोधू नये.

दाब म्हणजे ताकद नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणूनच वाटेत इंटरकूलर बसवलेला असतो. नुसता दाब वाढवून घेणाऱ्या ‘ट्यूनिंग’च्या मोहात पेट्रोल इंजिनात नॉकिंग सुरू झाले, तर पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचते.

त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा आपली गाडी ठणठणीत असताना, ठरावीक चढावर, ठरावीक गिअरमध्ये काटा कुठवर जातो हे टिपून ठेवणे उपयोगाचे. (टिपण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाची नजर रस्त्यावरच हवी.) पुढे त्याच चढावर काटा कमी चढू लागला, पिकअप मंदावला आणि हिस्स असा आवाज येऊ लागला, तर होज पाइप फाटल्याचा किंवा त्याची क्लिप सैल झाल्याचा संशय आधी घ्यावा. डिझेल गाडीत सोबत काळा धूरही दिसतो. हे काम किरकोळ खर्चात भागते. दुर्लक्ष केल्यास कमी पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरत राहतो आणि झिजतो. तो बदलण्याचा खर्च मात्र किरकोळ नसतो.

काटा नेहमीपेक्षा वर जाणे अधिक गंभीर. जादा वायू वळवणारे वेस्टगेट अडकणे किंवा त्याची नळी निसटणे हे त्याचे नेहमीचे कारण. अनेक डिझेल टर्बोंतील हलती पातीही काजळीने जाम होतात. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. आधुनिक गाड्यांत संगणक स्वतःच ताकद कमी करतो.

मोबाइलवर ही मापे पाहणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. गाडीच्या संगणकाकडून येणारा मॅनिफोल्डचा दाब बहुधा एकूण दाब असतो आणि तो किलोपास्कलमध्ये दिसतो. मुंबईत इंजिन बंद असताना पडद्यावर १०० च्या आसपास आकडा दिसला, तर तो बूस्ट नव्हे, बाहेरची हवा आहे. बूस्ट हवा असेल तर तेवढे वजा करावे. बाहेरून बसवलेल्या गेजची रबरी नळीही कालांतराने कडक होऊन तडकते. गॅरेजमध्ये टर्बो उघडायला सांगण्यापूर्वी तीच एकदा तपासून घ्यावी.