डेटा जागेवरच असतो, वाचणारा जातो

गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली. शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये मी एकटाच बसलो होतो. समोर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच तक्रार: जी डिस्क जोडायची आहे ती सापडत नाही. मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबलं होतं.

हा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. त्या डिस्कवर अकरा वर्षांचे तपासणी अहवाल होते. कुठल्या बॅचचा कुठला भाग कधी मोजला, किती मायक्रॉन इकडेतिकडे निघाला, सही कोणाची. सोमवारी सकाळी दहाला ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. बॅकअप होता, पण तीन आठवडे जुना. क्वालिटीचे साहेब दर अर्ध्या तासाने फोन करून एकच प्रश्न विचारत होते, "डेटा गेला का?"

मी केलं होतं ते एवढंच. सर्व्हरवरच्या जुन्या लिनक्सची मुदत संपली होती, सुरक्षेचे अपडेट बंद झाले होते. म्हणून नव्या एसएसडीवर नवी आवृत्ती टाकली. तिच्यासोबत नवा कर्नल आला. डेटाच्या डिस्कना हातही लावला नव्हता. त्या जुन्या रेड कार्डाला जोडलेल्या होत्या, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पंखे फिरत होते. फक्त नव्या कर्नलच्या लेखी त्या अस्तित्वातच नव्हत्या.

पहाटे दोनच्या सुमारास, दुसरं काही सुचेना म्हणून, जुनी सिस्टिम डिस्क परत लावली आणि मशीन चालू केलं. अकरा वर्षं जशीच्या तशी समोर आली. एकही फाइल हलली नव्हती. साहेबांना फोन केला आणि म्हणालो, "डेटा कुठेच गेला नव्हता, साहेब. तो वाचणारा गेला होता."

थकव्यात बोललेलं वाक्य. पण नंतर ते डोक्यातून जाईना. कारण लिनक्सच्या तीसेक वर्षांच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलं आहे. आणि आमच्या मराठवाड्यात त्याच्याही आधी घडून गेलं आहे.

किल्ली कपाटातच

'कर्नल अपग्रेड केला' असं घरी म्हटलं की आई अजूनही विचारते, "कोण कर्नल?" तर हा फौजेतला नव्हे. कॉम्प्युटर चालू झाला की प्रोसेसर, मेमरी, डिस्क या सगळ्यांचा ताबा घेणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. पण त्याला प्रत्येक कार्डाची भाषा येत नाही. त्यासाठी ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. अमुक कंपनीच्या अमुक कार्डाशी कसं बोलायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. दुभाषा नसला की डिस्क धडधाकट असूनही मुकी होते.

स्टोरेजच्या ड्रायव्हरची अडचण तर आणखी वेगळी. साउंड कार्डाचा ड्रायव्हर नसला तर गाणी वाजत नाहीत, बस. पण डिस्क वाचणारा ड्रायव्हर त्याच डिस्कवर साठवलेला असेल तर? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखं होतं. यावर लिनक्सने एक तोड काढली. सुरुवातीला मेमरीत एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम उघडायची, तिच्यात गरजेचे ड्रायव्हर ठेवायचे, त्यांच्या मदतीने खरी डिस्क जोडायची आणि मग पुढे जायचं. तिला आधी इनिटआरडी म्हणत, आता इनिटरॅमएफएस म्हणतात. कर्नल बदलला की ही शिदोरीही नव्याने बांधावी लागते. बांधताना एखादा ड्रायव्हर राहिला, तर मशीन दारातच अडतं. अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू न होण्याच्या कितीतरी गोष्टी इथूनच सुरू होतात.

एचडीए ते एसडीए

१९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली वर्दी दिली, तेव्हा त्याने स्टोरेजबद्दलही लिहिलं होतं. आपल्याकडे एटी हार्ड डिस्कच आहे, तेव्हा त्यापलीकडे ही सिस्टिम बहुधा कधीच जाणार नाही, असा त्याचा अंदाज होता. अंदाज साफ चुकला. ज्याच्याकडे जे कार्ड, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहून पाठवला आणि कर्नल वाढत गेला.

पण जे वाढतं ते बदलतंही. जुन्या आयडीई डिस्कना लिनक्समध्ये एचडीए, एचडीबी अशी नावं असत. मग लिबअ‍ॅटा नावाचा नवा ड्रायव्हर-संच आला आणि २००७च्या आसपास अनेक लिनक्सांनी त्याच डिस्कना एसडीए, एसडीबी म्हणायला सुरुवात केली. डिस्क तीच, केबल तीच, फक्त नाव बदललं. ज्यांच्या सेटिंगमध्ये 'एचडीए जोड' असं लिहिलेलं होतं, त्यांची मशीन अपग्रेडनंतर उभीच राहिली नाहीत. त्यातून सगळे एक गोष्ट शिकले: डिस्कला जागेवरून मिळालेल्या नावाने हाक मारायची नाही, तिच्या स्वतःच्या कायमच्या ओळखक्रमांकाने, म्हणजे यूयूआयडीने मारायची. तो जुना आयडीई ड्रायव्हर पुढे चौदा वर्षं कोपऱ्यात पडून होता. २०२१मध्ये, ५.१४ या आवृत्तीत, तो काढून टाकला.

टोरवाल्ड्सचा एक नियम प्रसिद्ध आहे: कर्नल बदलल्यामुळे वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडता कामा नये. पण हे वचन कर्नलच्या वर चालणाऱ्या प्रोग्रामांना आहे. कर्नलच्या आतल्या जोडण्या कधीही बदलू शकतात. याचं समर्थन करणारं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं एक टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे आणि त्या फाइलच्या नावातच 'नॉनसेन्स' हा शब्द आहे. ड्रायव्हर आमच्या घरात ठेवा, म्हणजे घर बदलताना आम्ही तोही बदलून घेऊ. बाहेर ठेवलात तर तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा मथितार्थ.

घरात ठेवलेलंही कायम टिकतंच असं नाही. २०१९मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरला अनाथ ठरवण्यात आलं, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतली फ्लॉपीच उरली नव्हती. बदल करून तपासायचा कशावर? रायझरएफएस ही फाइल सिस्टिम २००१मध्ये कर्नलमध्ये आली, एके काळी काही लिनक्सांची ती पहिली पसंती होती. २०२२मध्ये तिला निरोपाची नोटीस लागली आणि २०२५च्या जानेवारीत आलेल्या ६.१३मधून ती गेली. आज कुणाच्या माळ्यावर रायझरएफएसची डिस्क असेल, तर तिच्यावरचे फोटो आहेत तिथेच आहेत. पण नव्या कर्नलला ते दिसणार नाहीत.

माझ्या कार्डाचं दुखणं याच जातीचं होतं. मूळ लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर अजून होता. पण वर्षानुवर्षं देखभालीची हमी घेणारे लोक प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जुनी यादी छाटतात. जे आम्ही तपासू शकत नाही त्याची हमी देणार नाही, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. छाटलेल्यांची यादी त्यांनी छापलेलीही होती. मीच ती वाचली नव्हती.

पुण्याचं कार्ड

वाटेल की हे सगळं हेलसिंकी-अमेरिकेकडचं. पण मराठी अक्षरांनीही हे भोगलं आहे. १९८८मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्र मोहन तांबे यांच्यासोबत तिथे आलं. जिस्ट हे खरोखरचं एक कार्ड होतं. कॉम्प्युटर उघडून ते खाचेत बसवायचं, की डॉसच्या इंग्रजी स्क्रीनवर देवनागरी उमटे.

त्या कार्डाखाली टाइप केलेली फाइल कार्ड नसलेल्या मशीनवर उघडली, तर अगम्य चिन्हांची रांग दिसे. पुढे डॉस मागे पडलं, विंडोज आलं, आणि नव्या मशीनमधून ती खाचसुद्धा नाहीशी झाली. कार्ड हातात असलं तरी बसवणार कुठे?

तरी त्या काळातला मजकूर वाचवता आला, कारण कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे इस्की या नावाने १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून छापून ठेवलेलं होतं. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर बेतलेली. त्यामुळे इस्कीतून युनिकोडमध्ये जायला रस्ता होता. नंतरच्या काळात मात्र प्रत्येक फॉन्टने अक्षरांची आपापली मांडणी केली. त्या फाइल वाचायच्या तर प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा नकाशा लागतो आणि फॉन्ट हरवला की नकाशाही हरवतो. फरक एवढाच की एकाने वाचण्याची रीत लिहून ठेवली होती, बाकीच्यांनी गृहीत धरली.

ट्रंकेतला कागद

ऑडिट पार पडलं. सगळा डेटा जुन्या सिस्टिमवरून नेटवर्कने नव्या डिस्कवर आणला आणि ते रेड कार्ड निवृत्त केलं. पुढच्या रविवारी पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. वडील ट्रंक उघडून बसले होते. शेजारच्या भावकीशी बांधावरून कुरबूर चालू होती, त्यासाठी जुने कागद हवे होते. १९५४-५५चं खासरा पत्रक सापडलं. त्याखाली कापडात गुंडाळलेली सेतवारची नक्कल होती, उर्दूत. आणखी दोन कागद मोडीत होते.

मराठवाड्यात हे घरोघर आहे. आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८०च्या दशकात तिथे फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली. १९१८मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम कितीतरी वर्षं याच औरंगाबादेतून चालवलं. गावपातळीवर मराठी लिहायची तर मोडीत. मग १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत कारभाराचा कर्नल बदलला. तो बदल हवाच होता, लोकांनी त्यासाठी जीव दिले होते. राज्य लोकांच्या भाषेत आलं. पण जुने दप्तर जिथे होते तिथेच राहिले आणि ते वाचणारी माणसं एकेक करून गेली.

आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. सकाळी चहासोबत उर्दू वर्तमानपत्र वाचायचे आणि आम्ही पोरं हसायचो, की आप्पा पेपर उलटा धरतात. ते २०११मध्ये गेले. कागद ट्रंकेतच होता, वाचणारा ओसरीवर बसलेला होता, आणि आम्ही कधी विचारलं नाही. वडील त्या दिवशी नक्कल हातात धरून एवढंच म्हणाले, "आप्पांना तेव्हाच विचारून ठेवायला पाहिजे होतं."

सरकारलाही हा प्रश्न उशिरा पडला. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली गेली, तेव्हा एकाएकी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. मला दिसतो तो आमच्या धंद्यातला जुनाच घोटाळा. कागद स्कॅन करणं म्हणजे बॅकअप. त्याने कागद टिकतो, पण कळत नाही. मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती आता स्क्रीनवर उमटू शकते. पण घाईत लिहिलेली कुळकर्ण्याची मोडी वाचायला अजून माणूसच लागतो. तो ड्रायव्हर कुठूनही डाउनलोड होत नाही.

आता अपग्रेडच्या आधी मी तीन गोष्टी करतो. कुठला ड्रायव्हर कुठल्या डिस्कसाठी चालू आहे त्याची यादी काढतो. नव्या आवृत्तीने काय वगळलं ते वाचतो. आणि नवा कर्नल नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुना पुसत नाही. साध्या गोष्टी आहेत. घरातल्या कागदांनाही त्या तशाच लागू पडतात, फक्त तिथे जुना कर्नल फार दिवस थांबत नाही.

सेतवार शेवटी शहरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिली. चष्मा पुसत, बोट ठेवत, ओळ न् ओळ. मी शेजारी बसून मराठीत उतरवून घेतली: सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. खातेदाराच्या रकान्यात आमच्या पणजोबांचं नाव होतं. त्याच्यासोबत त्यांच्या धाकट्या भावाचंही होतं. ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं, ते या धाकट्याचे नातू.

वडिलांनी माझं मराठी टिपण दोनदा वाचलं. ते नकलेला टाचणीने जोडलं आणि दोन्ही कागद पुन्हा कापडात गुंडाळले. ट्रंकेत मात्र ठेवले नाहीत. म्हणाले, "चल, त्यांनाही वाचून दाखवू."