गिरगावातील शास्त्रार्थ आणि भय

दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे, म्हणजे इंग्रजांच्या मुंबईहूनही जुने आहे. परंतु ज्या काळी तेथील उपासना लॅटिनमध्ये होई आणि शास्त्राचा अर्थ पाद्री सांगेल तोच भाविक शिरोधार्य मानीत, त्या काळी ख्रिस्ती शास्त्राचा अर्थ काय, हा प्रश्न भोवतालच्या हिंदू रहिवाशास पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न मुंबईच्या मराठी माणसापुढे आला तो एकोणिसाव्या शतकात, छापखान्याच्या वाटेने. आणि तो आला तेव्हा त्याच्या आगेमागे श्रद्धा जितकी होती त्याहून भय अधिक होते.

या भयाचा पहिला धनी खुद्द कंपनी सरकारच होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा रयतेच्या धर्मात हात घातल्यास राज्याला धोका पोहोचेल या धास्तीने त्यांस परत धाडण्याचे हुकूम सुटले होते. पुढे अर्जविनंत्या होऊन, आणि त्याच वर्षीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांस वाट मोकळी करून दिल्यामुळे, ते येथे टिकले. त्यांच्या मिशनच्या छापखान्यातून १८२६ साली नवा करार आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत बाहेर पडले. छापील कागदावरील शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी त्यास शिवत नसत. तरीही त्या छापखान्यातील कला पाहून गणपत कृष्णाजी यांनी आपला स्वतंत्र छापखाना उभारला व १८३१ साली पंचांग छापले, आणि लहानपणी तेथेच कामास लागलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढून संस्कृत ग्रंथांची शुद्ध व स्वस्त पुस्तके घरोघर पोहोचविली. परधर्माच्या प्रसारासाठी आलेल्या यंत्राने स्वधर्माचे ग्रंथही भटाभिक्षुकांच्या दप्तरांतून सोडवून सामान्य वाचकाच्या हाती दिले, ही गोष्ट मिशनऱ्यांच्या हिशेबात खचितच नसावी.

१८२९ साली मिशनरी डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले व गिरगावात आंब्रोळी येथे त्यांचे ठाणे झाले. १८३१ साली हिंदू पक्षाच्या मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी धर्मविषयक जाहीर वाद केला, व दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत छापून लोकांपुढे ठेवली. इथपर्यंत प्रकरण पंडितांचे होते. परंतु १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेताच फिर्याद सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि आईबापांनी आपली मुले भराभर शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा अज्ञान भाऊ श्रीपत यास कोर्टाने बापाच्या हवाली केल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानासही स्वजनांचा रोष पत्करावा लागला. नीट पाहिले असता, येथे कोणासही नरकाचे अथवा ईश्वराच्या कोपाचे भय नव्हते. भय होते ते पंक्तीतून उठविले जाण्याचे.

याच भयापोटी १८४९ साली परमहंस सभा निघाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे प्रमुख होते. जातिभेद मानणार नाही अशी शपथ घेऊन नव्या सभासदाने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावयाचा, आणि मग तोंड पुसून, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने घरी येऊन सोवळ्याच्या पंक्तीस बसावयाचे, असा तिचा गुप्त कारभार होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली मात्र, आणि आता नावे फुटणार या धास्तीनेच सभा मोडली. तिच्यातीलच बाबा पदमनजी यांना हे दुटप्पी जिणे मानवले नाही. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला, पुढे नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, आणि त्या निर्णयापर्यंत पोहोचताना मनाची झालेली ओढाताण ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात नमूद करून ठेवली.

उघडपणाचे दुसरे उदाहरण विरुद्ध पक्षाचे आहे. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी जमावासमक्ष मिशनऱ्यांशी वाद करीत असत. सरकारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहिलेले बुवा एका बाजूस, आणि मिशनचा पगार नाकारून बाजारातल्या साध्या जागेत राहणारे जॉर्ज बोवेन दुसऱ्या बाजूस, असा तो सामना होता. बोवेन यांनी त्याच वर्षी त्या वादाची हकीकत इंग्रजीत प्रसिद्ध केली. मराठी पुस्तक मागाहून निघाले. दोहोंपैकी कोणीही आपला पक्ष सोडला नाही. परंतु त्या वाळूत उभ्या राहिलेल्या श्रोत्यास एक नवी मुभा मिळाली. धर्मग्रंथातील वचनाचा अर्थ भर सभेत विचारता येतो, आणि विचारणारावर आकाश कोसळत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

या साऱ्या इतिहासाचे इंगित मला दादोबांच्या उत्तरायुष्यात दिसते. ज्यांच्या सभेने नावे लपविण्यात आपली शक्ती खर्चिली, त्याच दादोबांनी १८७८ साली स्वीडनबॉर्ग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर आपले विचार एका हिंदू गृहस्थाचे चिंतन म्हणून इंग्रजीत लिहिले व लंडनहून प्रसिद्ध केले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि परधर्माच्या शास्त्रात आदरयोग्य असे काही सापडले हे सांगावयास भ्यालेही नाहीत. मधल्या काळात, १८६७ साली, त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज स्थापन झाला होता, व एकेश्वराची उपासना गुप्तपणे नव्हे तर दारे उघडी ठेवून होऊ लागली होती.

धर्मांतरितांच्या संख्येवरून या चळवळीचा जमाखर्च मांडणारे दोन्ही पक्ष मला सारखेच चुकलेले वाटतात. बाबा पदमनजी बाटले आणि दादोबा बाटले नाहीत. परंतु दोघांनीही अखेर शास्त्र स्वतः वाचले आणि आपले मत स्वतःच्या नावाने छापले. जातीच्या धाकाने टिकलेली अथवा पाद्र्याच्या धाकाने बदललेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हा त्या काळाचा निकाल आहे, आणि त्यावर फेरविचाराचे कारण मला दिसत नाही.