डाव्या पायाचे सामने

आम्ही मराठवाड्यातले. 1956 साली भाषांप्रमाणे हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तोवर आमची राजधानी हैदराबाद. मुंबई-पुणे म्हणजे परमुलूखच. माझे थोरले मामा हैदराबादेत एका सरकारी कचेरीत कारकून होते. सुटीत गावी आले की ओसरीवर बसून आम्हा पोरांना फुटबॉलच्या गोष्टी सांगत. त्यांतली एक आम्हाला निव्वळ थाप वाटे. हैदराबादेत म्हणे एक शाळामास्तर असे सामने भरवतात, की ज्याचा उजवा पाय चालतो त्याने चेंडू फक्त डाव्यानेच मारावयाचा!

"मग माणसे पडत असतील की हो, मामा," मी म्हणे.

"पडतात तर! पण महिन्याभराने तीच माणसे त्याच पायाने गोल करतात. ते बघायला ये एकदा."

जाणे झाले नाही. पुढे मीच एका शाळेत कवायतीचा मास्तर झालो, खेळाविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि मामांची ती थाप अक्षरशः खरी होती हे कळले. त्या मास्तरांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म 1909 चा. पेशाने शिक्षक. 1943 पासून मरेपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस. म्हणजे निजामी राजवट, 1948 ची पोलीस कारवाई आणि नंतरची सगळी उलथापालथ पाहिलेला माणूस. 1950 साली हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला, आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावरून रोव्हर्स चषक हैदराबादेला गेला. आज ती स्पर्धाच राहिलेली नाही, त्यामुळे तरुण वाचकांना त्या पराक्रमाची मातबरी कळणे कठीण. एवढेच सांगतो की देशातले नावाजलेले संघ त्या चषकासाठी जिवाचे रान करीत.

डाव्या पायाचे सामने हा त्या मास्तरकीचा एक भाग. चेंडू पायात घोळवायचाच नाही, आला की लगेच साथीदाराकडे द्यावयाचा, असेही सामने ते भरवीत. ठेंगण्या मुलांचे सामने निराळे. ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडून सर्वांदेखत, पण हसतखेळत करवून घ्यायचे, ही त्यांतली गोम. चेंडू घोळवण्यात पटाईत असलेल्या पोराला दुसऱ्याकडे बघायला लावणे सोपे नसते. मी ते करून पाहिले आहे. पहिल्या दिवशी निम्मी मुले रुसून घरी गेली.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादकडचा गरीब घरचा मुलगा. सरावाला हैदराबादेत रोज यायला पैसे नाहीत, असे त्याने सांगितले तेव्हा रहीमसाहेबांनी सायकलीच्या भाड्याचे पैसे दिले. ही आठवण बलरामनीच पुढे सांगितली आहे. उलट पोटच्या मुलाला, हकीमला, बापाच्या नावाचा काडीचा फायदा झाला नाही. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात तो होता, पण एकही सामना खेळला नाही. 1962 च्या संघात त्याचे नावच नव्हते. त्या घरात जेवताना काय बोलणे होत असेल, असा विचार माझ्या मनात कितीदा तरी आला आहे.

राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली, तो सगळाच काही विजयाचा पाढा नव्हे. 1951 साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत इराणला 1-0 हरवून सुवर्णपदक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपला एक. आपले काही गडी तिथे अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मात्र ऑस्ट्रेलियाला तिच्याच भूमीवर 4-2 असे नमवले. मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा याने त्यात तीन गोल केले. त्या खेपेस आपण चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये त्याहून वरची जागा आपल्याला पुन्हा कधी मिळाली नाही.

1962 साल, जाकार्ता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, आणि 0-2 असा पराभव.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमची शाळा एका गोलाने हरली. ओल्या चेंडूवर गोलकीपरचे हात घसरले होते. मी त्याला सर्व मुलांसमोर बोलावले आणि संघाची जर्सी काढून द्यायला सांगितली. त्याने ती काढली, नीट घडी घातली, माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही. तो का येत नाही, हे त्याच्या घरी जाऊन विचारण्याचे मला सुचले नाही. खरे म्हणजे धीर झाला नाही.

जाकार्तात पहिल्या पराभवानंतर तोच संघ सावरला. थायलंडला 4-1 हरवले, पण त्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावाचा खांब. त्याच्या जागी अरुण घोष उभा राहिला आणि जपानवर 2-0 असा विजय मिळाला. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. आता जर्नेल खेळायला तयार. मग घोषला बसवायचे? रहीमसाहेबांनी घोषला तिथेच ठेवले आणि टाके पडलेल्या जर्नेलला थेट सेंटर फॉरवर्ड केले! लोक याला जुगार म्हणतात. मला त्यात जुन्या मास्तराचा हिशेब दिसतो. एकाने कमावलेली जागा काढून घ्यायची नाही, आणि दुसऱ्याला त्याच्या दुबळ्या पायावर उभे करायचे. जर्नेलने गोल केला, कर्णधार चुनी गोस्वामीने दोन, आणि आपण 3-2 जिंकलो.

अंतिम सामना 4 सप्टेंबरला, पुन्हा त्याच कोरियाशी. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतल्याने शहर आपल्यावर खवळले होते. सुमारे 1 लाख प्रेक्षक आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो करीत होते. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांकडे एक भेट मागितली, सुवर्णपदकाची, असे खेळाडूंनी सांगून ठेवले आहे. कर्करोगाने त्यांची फुप्फुसे पोखरली होती. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. कोरियाने अखेरीस एक फेडला. 2-1. त्या अकरा जणांत बंगाली होते, पंजाबी होते, आंध्रचे होते, आणि वर्षापूर्वी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्याचा फोर्तुनातो फ्रँकोही होता.

माझे मन मात्र एका बाराव्या माणसाशी अडते. उपांत्य सामन्यात गोलात प्रद्युत बर्मन होता. अंतिम सामन्याला त्याच्याऐवजी उंचापुरा थंगराज आला. जिंकून आलेल्या गोलकीपरला 'उद्या तू बाहेर' हे कोणत्या शब्दांत सांगितले असेल? 2024 साली 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला. तो मी पाहिला. त्यात जयघोष पुष्कळ आहे. मला हव्या त्या चार वाक्यांसाठी मी शेवटपर्यंत कान देऊन बसलो होतो.

रहीमसाहेब 11 जून 1963 रोजी गेले. आशियाई सामन्यांतले फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेले नाही.

माझा गोलकीपर मला पुष्कळ वर्षांनी एस. टी. स्टँडवर भेटला. कंडक्टर झाला होता. "सर, बसा इकडे, खिडकीपाशी," म्हणाला, आणि माझी पिशवी वर ठेवली. पावसाचे बोललो, त्याच्या मुलीच्या शाळेचे बोललो. उतरताना मी त्याला "अरे, त्या दिवशी..." एवढे म्हटले. मागची माणसे रेटत होती. "सावकाश उतरा, सर," तो म्हणाला, आणि त्याने घंटी मारली.